आप्पांचे पाय आणि जी९१.२

आमच्या शुगर लँडला माझे सासरे, आप्पा, पहिल्या दिवसापासून 'साखरवाडी'च म्हणतात. फलटणजवळची खरी साखरवाडी त्यांनी पाहिलेली. स्वतः सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात चौतीस वर्षं नोकरी, त्यातली बरीचशी बॉयलिंग हाऊसमध्ये पॅनमन म्हणून. २०१८ मध्ये ते पहिल्यांदा इकडे आले तेव्हा आम्ही त्यांना नासा दाखवायला निघालो होतो. पण त्यांनी हट्ट धरला तो इम्पीरियल शुगरचा जुना कारखाना बघायचा. हायवे ९०-एच्या कडेला १९२५ सालची आठ मजली विटांची 'चार हाऊस' अजून उभी आहे. रिफायनरी २००३ मध्ये बंद पडली, गावाचं नाव मात्र तसंच राहिलं. आप्पा कुंपणाबाहेर उभे राहून अर्धा तास नुसते बघत होते. मग गाडीत बसताना म्हणाले, "बंद पडलेला कारखाना बघवत नाही बघ सूनबाई." आणि तिथून घरापर्यंत साखर कशी शिजते ते आम्हाला समजावून सांगत आले.

त्या वेळी हा माणूस रोज सकाळी ऑयस्टर क्रीक पार्कमध्ये तासभर फिरून यायचा. आम्ही दोघं मागे पडायचो.

२०२५ च्या एप्रिलमध्ये आप्पा आणि आई दुसऱ्यांदा आले. ह्यूस्टनच्या विमानतळावर आम्ही फुलं घेऊन उभे होतो. आप्पा व्हीलचेअरवर आले. त्यात विशेष काही वाटलं नाही, आपल्याकडचे बहुतेक आईवडील भाषेच्या आणि रांगांच्या भीतीने व्हीलचेअर सांगतातच. पण पार्किंगमध्ये ते उठून उभे राहिले आणि पहिलं पाऊल टाकायला त्यांना चार-पाच सेकंद लागले. मग पाय न उचलता, घसटत, वीतभर पावलं टाकत ते गाडीपर्यंत आले. दोन्ही पाय फाकलेले. वळताना तर एका जागी सात-आठ पावलं घेतली. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे.

"काय सांगू, पाय उचलंना झालेत," आप्पा म्हणाले. "भुईला चिकटल्यागत होतंय."

आम्ही दर रविवारी व्हिडिओ कॉल करत होतो. न चुकता. नातवंडांची गाणी, तिकडचा पाऊस, उसाचा दर, सगळं बोलणं व्हायचं. पण व्हिडिओ कॉलवर माणूस दिसतो तो कमरेच्या वर. आप्पा खुर्चीत बसलेले, चेहरा तसाच, आवाज तसाच. दीड वर्षं त्यांचं चालणं बिघडत होतं आणि आम्ही ते एकदाही पाहिलेलं नव्हतं. ही गोष्ट मला अजून टोचते.

त्या रात्री आईंनी स्वयंपाकघरात हळूच आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एक, आप्पांना लघवीची घाई होते आणि कधी कधी बाथरूमपर्यंत पोचायच्या आत होऊन जाते. दुसरी, हिशोबात पक्का असलेला माणूस आता दूधवाल्याचे पैसे दिले की नाही ते विसरतो, बोलता बोलता गप्प होतो. "शहात्तर वय आहे, चालायचंच," असं गावातले सगळे म्हणत होते. एका डॉक्टरांना पार्किन्सन्सची सुरुवात वाटली, त्यांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी काही फरक पडला नाही.

आता माझ्याबद्दल थोडं. मी मेडिकल कोडर आहे. एच-४ वर आलेल्या माझ्यासारख्या अनेकजणी वर्क परमिट हातात आल्यावर सीपीसीची परीक्षा देऊन या कामात शिरल्या. डॉक्टरांनी लिहिलेल्या नोंदी वाचायच्या आणि प्रत्येक आजाराला, प्रत्येक उपचाराला ठरलेला कोड लावायचा. त्या कोडवर बिल बनतं आणि इन्शुरन्स कंपनी पैसे देते किंवा नाकारते. अमेरिकेत आजारांसाठी आयसीडी-१०-सीएम ही यादी १ ऑक्टोबर २०१५ पासून चालते. त्याआधीच्या यादीत साधारण १४ हजार कोड होते, हिच्यात ७० हजारांच्या वर आहेत. कोंबडीने चोच मारली तर त्यालासुद्धा वेगळा कोड आहे! मंडळाच्या कार्यक्रमात मी हा किस्सा सांगते तेव्हा सगळे हसतात.

या यादीचं मूळ मात्र गंभीर आहे. कुठल्या गावात माणसं कशाने मरतात हे एकाच भाषेत लिहिता यावं म्हणून ज्याक बर्टिलॉन या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये मृत्यूच्या कारणांची यादी मांडली. पुढे १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती आपल्याकडे घेतली आणि मृत्यूबरोबर आजारही त्यात आले. बिलं आणि पैसे त्याला नंतर चिकटले.

तर कामात मी 'जी९१' हे अक्षर-आकडे कितीतरी वेळा टाइप केले होते. जी९१ म्हणजे हायड्रोसेफॅलस. आपल्याकडे साध्या भाषेत 'डोक्यात पाणी होणं'. पण तो कोड घरात, जेवणाच्या टेबलावर, आपल्या समोर बसलेला असू शकतो हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी रोज नोंदी वाचते, माणसं बघत नाही.

मे महिन्याच्या सुरुवातीला एके पहाटे आप्पा बाथरूमच्या दारात पडले. डोक्याला खोक पडली, रक्त बरंच. ९११ ला फोन, ॲम्ब्युलन्स, इमर्जन्सी रूम. टाके घातले, सीटी स्कॅन केला. सुदैवाने आत रक्तस्राव नव्हता. पण तिथल्या डॉक्टरांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली आणि मेंदूच्या मधोमध असलेल्या दोन काळ्या पोकळ्या दाखवल्या. "या जरा मोठ्या दिसतात. कदाचित नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस असेल. न्यूरॉलॉजिस्टना दाखवा."

ते मला ऐकल्याबरोबर उमगलं. चालणं, लघवी, विसरणं. या तीन गोष्टी एकत्र मी शंभर चार्टवर वाचल्या होत्या.

पुढच्या आठवड्यात न्यूरॉलॉजिस्टनी आप्पांना कॉरिडॉरमध्ये चालवून पाहिलं, वळायला लावलं, थोडे हिशोब विचारले आणि मग नीट समजावलं. त्यांचं बोलणं मी आप्पांना मराठीत सांगत होते, आणि आप्पा ते स्वतःच्या भाषेत करून घेत होते.

आपल्या मेंदूत चार पोकळ्या असतात. त्यांत एक पाण्यासारखा स्वच्छ द्रव रोज तयार होतो, दिवसाला साधारण अर्धा लिटर. एका वेळी डोक्यात आणि पाठीच्या कण्याभोवती मिळून तो असतो जेमतेम दीडशे मिलिलिटर. म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा सगळं पाणी बदलतं. वरच्या दोन पोकळ्यांतून तिसरीत, तिथून एका अरुंद नळीतून चौथीत, मग मेंदूच्या बाहेरून फिरून रक्तात शोषलं जातं.

"म्हणजे आवक चालू आणि जावक बंद पडली, की टाकी फुगणार," आप्पा म्हणाले.

बरोबर तेच. कुठे अडलं यावर आजाराचा प्रकार ठरतो आणि कोडही त्याच हिशोबाने लावलेले आहेत. पोकळ्यांमधली वाटच गाठीने किंवा दुसऱ्या कशाने बंद झाली तर जी९१.१. वाट मोकळी पण पाणी शोषलं जात नाही, उदाहरणार्थ मेंदूज्वरानंतर किंवा मेंदूभोवती रक्तस्राव झाल्यानंतर, तर जी९१.०. डोक्याला मार लागून पुढे झालं तर जी९१.३. मुळात दुसराच आजार असेल तर आधी त्याचा कोड आणि मग जी९१.४. काहीच नक्की लिहिलेलं नसेल तर जी९१.९, जो आम्हा कोडर लोकांना फारसा आवडत नाही, कारण तो काहीच सांगत नाही. आणि वयस्कर माणसांत, कारण सापडत नाही, कंबरेतून मोजलेला दाब साधारण नॉर्मलच येतो, तरी पोकळ्या फुगलेल्या, तो जी९१.२.

जन्मतःच असेल तर जी नाही, क्यू लागतो. क्यू०३. पाठीच्या कण्याचं व्यंग, म्हणजे स्पायना बिफिडा, बरोबर असेल तर क्यू०५ मधला. बाळाच्या कवटीची हाडं जुळलेली नसतात, त्यामुळे डोकंच वाढत जातं, टाळू टणक लागते, डोळे खाली वळल्यासारखे दिसतात. बाळाच्या डोक्याचा घेर टेपने मोजून डॉक्टर लिहून ठेवतात तो याचसाठी. मोठ्यांची कवटी बंद असते, ती वाढत नाही. मग दाब मेंदूवरच येतो. पायांकडे जाणाऱ्या मेंदूतल्या तंतूंना त्याचा त्रास लवकर होतो, म्हणून चालणं बहुधा सगळ्यांत आधी बिघडतं.

नॉर्मल प्रेशरच्या या प्रकाराची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. सालोमोन हाकिम हे कोलंबियातले न्यूरोसर्जन. १९५७ मध्ये बोगोटाला त्यांच्याकडे अपघातात डोक्याला मार लागलेला सोळा वर्षांचा मुलगा होता. पोकळ्या फुगलेल्या, पण दाब मोजला तर नॉर्मल. त्यांनी तपासणीसाठी थोडं पाणी काढलं आणि दुसऱ्या दिवशी मुलगा बोलायला लागला. दाब नॉर्मल असून पाणी काढल्यावर सुधारतो कसा, या प्रश्नाच्या मागे ते लागले. १९६५ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांबरोबर त्यांनी तो आजार जगापुढे मांडला. आजही त्या तीन लक्षणांना हाकिमचं त्रिकूट म्हणतात.

त्याच मे महिन्याच्या २३ तारखेला गायक बिली जोएलने सगळे कार्यक्रम रद्द केल्याची बातमी आली. कारण, नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस. तोही शहात्तर वर्षांचा. मुलीने फोनवर ते वाचून दाखवलं तेव्हा आप्पांनी विचारलं, "हा कोण?" मी म्हटलं, इकडचा मोठा गायक. "मग त्याच्याबी टाकीची जावक बंद," म्हणाले आणि बरेच दिवसांनी मोकळेपणी हसले.

जूनमध्ये इन्शुरन्स कंपनीचं पत्र आलं. इमर्जन्सी रूमचा सगळा क्लेम नामंजूर. कारण, आजार प्रवासाच्या आधीचा आहे. आईवडिलांसाठी आपण घेतो तो व्हिजिटर्स इन्शुरन्स अपघात आणि नव्याने उद्भवलेला आजार यांसाठी असतो. जुना आजार बहुतेक पॉलिसींत बसत नाही. बसलाच तर 'अचानक बिघडला' तरच, आणि तेही वयाच्या आणि रकमेच्या मर्यादेत. आम्ही विकत घेताना ते बारीक अक्षर वाचलं होतं का? खरं सांगते, मी, जिचं पोट इन्शुरन्सच्या कागदांवर चालतं, मीसुद्धा वरवर वाचलं होतं.

आप्पांच्या सहीने आम्ही सगळी कागदपत्रं मागवली. माझ्या कामाच्या सिस्टीममध्ये मी डोकावले नाही, तो नियम मी कधी मोडलेला नाही. नोंद हातात आली. डॉक्टरांनी लिहिलं होतं: पडल्याने डोक्याच्या त्वचेला जखम, टाके. सीटीमध्ये पोकळ्या मोठ्या, नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलसची शक्यता. आणि बिलावर पहिला कोड होता जी९१.२. जखमेचा कोड तिसऱ्या नंबरवर.

आमच्या धंद्यात पहिल्या महिन्यात शिकवलेला नियम आहे. पेशंट ॲडमिट नसेल, ओपीडी किंवा इमर्जन्सीतून घरी गेला असेल, तर 'शक्यता', 'संशय', 'कदाचित' असं लिहिलेला आजार कोड करायचा नाही. जे नक्की आहे तेच लिहायचं, म्हणजे लक्षण किंवा जखम. आप्पा आले होते ते डोकं फुटलं म्हणून. पहिला कोड एस०१.०१ चा, टाळूच्या जखमेचा. मग पडण्याचा, डब्ल्यू अक्षराचा. चालण्यातला बिघाड आर२६ मध्ये. स्कॅनमध्ये जे दिसलं त्याचा आणखी वेगळा. जी९१.२ त्या दिवशीच्या कागदावर यायलाच नको होता. कोणीतरी घाईत, दिवसाची संख्या पुरी करताना, 'शक्यता' हा शब्द ओलांडून पुढे गेलं होतं. मी रागावले आणि लगेच घाबरलेसुद्धा. मी कधी असं केलं नसेल कशावरून? त्या कोडरच्या स्क्रीनवरही आप्पा नव्हते, एक नंबर होता.

नवऱ्याला हे सांगितल्यावर तो खूश झाला. म्हणाला, "मग दुरुस्त करून घेऊ. आणि पुढचंही असंच बसवता येईल ना? न्यूरॉलॉजिस्टची व्हिजिट, एमआरआय, ऑपरेशन... सगळं पडल्यामुळे झालं असं दाखवायचं. जी९१.३, मार लागून झालेला. तूच म्हणालीस तसा कोड आहे. एक आकडा तर बदलायचाय."

मी नाही म्हटलं.

"माझा बाप आहे तो," तो म्हणाला.

मला माहीत होतं. पण आप्पांचे पाय दीड वर्षांपूर्वीच अडायला लागले होते, ही गोष्ट न्यूरॉलॉजिस्टना मीच सांगितली होती, ती नोंदीत होती आणि ती खरी होती. इन्शुरन्स कंपनीचं म्हणणं आजाराच्या बाबतीत बरोबरच होतं, चूक होती ती फक्त जखमेच्या बाबतीत. दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. एवढ्या मोठ्या रकमेपुढे तत्त्व सांगणं सोपं नसतं, आणि नवरा काही लबाड माणूस नाही. बापाचे हाल बघणारा मुलगा होता तो.

आप्पांच्या कानावर ते गेलंच. त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. त्या दिवशी ते नेहमीपेक्षा स्वच्छ बोलले. "कारखान्यात वरून सांगायचे, लॅबात उतारा वाढवून लिहा. उतारा कागदावर वाढला म्हणून पोत्यात साखर वाढत नाही रे. सूनबाई म्हणते तेवढंच मागा. आणि ऑपरेशन तिकडं करू. आपलं गाव काय पळून जातंय?"

तेवढंच मागितलं. इथल्या हिपा कायद्याप्रमाणे आपल्या नोंदीत चूक असेल तर ती दुरुस्त करायची लेखी विनंती पेशंट करू शकतो, आणि साधारणपणे साठ दिवसांत उत्तर देणं त्यांना भाग असतं. आम्ही हॉस्पिटलच्या बिलिंग विभागाला एका पानाचं पत्र लिहिलं. डॉक्टरांचं वाक्य, नियम, आणि बिलावरचा कोड, बस. त्यांनी पुन्हा तपासून सुधारित क्लेम पाठवला. त्याच्या आधारे इन्शुरन्सकडे अपील केलं. जखमेचा, टाक्यांचा आणि स्कॅनचा बराचसा खर्च मंजूर झाला. ॲम्ब्युलन्सचं भांडण नंतर दोन महिने चाललं. न्यूरॉलॉजिस्टची फी आम्ही खिशातून भरली. हिशोब पुरा.

न्यूरॉलॉजिस्टनी सविस्तर पत्र आणि स्कॅनची सीडी दिली. प्रवासाला हरकत नाही म्हणाल्या. जुलैच्या शेवटी नवरा आईआप्पांना घेऊन पुण्याला गेला.

तिथल्या न्यूरोसर्जननी आधी केली ती टॅप टेस्ट. ऑपरेशनचा उपयोग होईल का, याचा अंदाज घ्यायची ही पद्धत. चालण्याचा व्हिडिओ काढायचा, वेळ आणि पावलं मोजायची. मग कंबरेत सुई घालून तीस ते पन्नास मिलिलिटर पाणी काढायचं आणि काही तासांनी पुन्हा चालवायचं. नवऱ्याने दोन्ही व्हिडिओ पाठवले. पहिल्यात तोच कॉरिडॉर पार करायला आप्पांना एकेचाळीस पावलं लागली. संध्याकाळच्या व्हिडिओत सव्वीस. शुगर लँडमध्ये तेव्हा सकाळ होती. मी कामाचा कॉम्प्युटर बंद केला आणि तो व्हिडिओ परत परत बघत बसले.

ऑपरेशन म्हणजे शंट. डोक्यातल्या पोकळीतून एक बारीक नळी, कानामागे त्वचेखाली व्हॉल्व्ह, आणि तिथून मानेतून, छातीवरून, त्वचेखालूनच पोटापर्यंत नळी. जादाचं पाणी पोटात जातं आणि शरीर ते शोषून घेतं. या व्हॉल्व्हच्या मागे एक बाप आहे हे मला तेव्हा वाचताना कळलं. फिलाडेल्फियाजवळचा जॉन हॉल्टर हा कारागीर. त्याचा मुलगा केसी १९५५ मध्ये स्पायना बिफिडा आणि हायड्रोसेफॅलस घेऊन जन्मला. मुलासाठी त्याने सिलिकॉनचा व्हॉल्व्ह बनवला आणि पुढे तो जगभर वापरला गेला. लेखक रोआल्ड डाल यांच्या मुलाला १९६० मध्ये न्यूयॉर्कमध्ये गाडीची धडक बसली. त्याचा शंट सारखा तुंबायचा, म्हणून डाल यांनी एक हायड्रॉलिक इंजिनिअर आणि एक सर्जन यांना बरोबर घेऊन नवा व्हॉल्व्ह करवला. आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या शाहजहानपूरला बनणारा छाब्रा शंट परदेशी शंटच्या मानाने फार स्वस्त आहे. युगांडातल्या मुलांमध्ये महागड्या अमेरिकन शंटशी त्याची तुलना झाली तेव्हा वर्षअखेर दोघांच्या निकालात फरक आढळला नव्हता.

आप्पांना सर्जननी बाहेरून चुंबकाने दाब बदलता येणारा व्हॉल्व्ह सुचवला. आप्पांचा प्रश्न, "ह्याला गेज कुठं असतं?" सर्जन हसले आणि त्यांनी सेटिंग मोजायचं यंत्रच आप्पांच्या हातात दिलं. सुरुवातीला व्हॉल्व्ह जास्त दाबावर ठेवतात आणि मग हळूहळू उतरवतात. एकदम पाणी उपसलं तर मेंदू आक्रसून कवटीखाली रक्तस्राव व्हायचा धोका. "पॅनचा व्हॅक्यूमबी असाच हळू हळू धरायचा असतो," इति आप्पा.

सगळं जादूसारखं झालं असं मी लिहिणार नाही. दुसऱ्या महिन्यात डोकं दुखायला लागलं, स्कॅन करून व्हॉल्व्ह पुन्हा बदलावा लागला. चालणं सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त सुधारलं. लघवीचा ताबा बऱ्यापैकी आला, पण रात्री अजून घाई होते. विसरणं थोडंच कमी झालं. सर्जन म्हणाले, लवकर आला असता तर कदाचित जास्त फायदा झाला असता. ते वाक्य नवऱ्याने मला सांगितलं तेव्हा आम्ही दोघंही बराच वेळ गप्प होतो. रविवारचे ते दीड वर्षाचे व्हिडिओ कॉल...

आता आप्पांच्या प्रत्येक कागदावर आणखी एक कोड असायला हवा, झेड९८.२. डोक्यातलं पाणी वाहून नेणारी नळी बसवलेली आहे, एवढंच तो सांगतो. पैशाच्या दृष्टीने फुटकळ, पण अनोळखी इमर्जन्सीत हीच नोंद जीव वाचवू शकते. मंडळातल्या एका ओळखीच्या बाईंच्या मुलाला लहानपणापासून शंट आहे. त्यांनी मला फोनवर तासभर समजावलं. व्हॉल्व्हचं नाव आणि सेटिंग लिहिलेलं कार्ड कायम पाकिटात ठेवा. एमआरआयच्या आधी सांगा आणि नंतर सेटिंग तपासून घ्या, कारण काही व्हॉल्व्ह चुंबकाने हलतात. डोकेदुखी, उलट्या, गुंगी, ताप, किंवा चालणं पुन्हा बिघडणं, यातलं काही झालं तर थांबू नका, शंट तुंबलेला किंवा जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. त्याचेही वेगळे कोड आहेत, टी८५ मध्ये. ते लावायची वेळ न येवो.

वाचकांपैकी अनेकांचे आईवडील या उन्हाळ्यात इकडे येतील. म्हणून अनुभवातून चार गोष्टी. प्रत्येक विसरभोळं माणूस किंवा हळू चालणारे आजोबा म्हणजे हा आजार नाही. पार्किन्सन्स, गुडघे, मणका, साखर, अशी बरीच कारणं असतात. पण चालणं, लघवी आणि विसरणं यातलं दोन-तीन एकत्र दिसलं, त्यातही चालणं आधी बिघडलं असेल, तर 'वय झालं' म्हणून सोडू नका. न्यूरॉलॉजिस्टना दाखवा आणि डोक्याच्या स्कॅनबद्दल विचारा. म्हातारपणी विसरण्याची जी थोडी कारणं उपचाराने सुधारू शकतात, त्यातलं हे एक आहे. दुसरं, जुने रिपोर्ट बरोबर आणा आणि खरं ते सांगा, लपवून ठेवलेली लक्षणं उपचारालाच नडतात. तिसरं, व्हिजिटर्स इन्शुरन्स घेताना जुन्या आजाराबद्दलचा परिच्छेद वाचाच, झोप आली तरी. आणि चौथं, क्लेम नाकारला तर लगेच भरू नका आणि लगेच भांडूही नका. तपशीलवार बिल मागा, डॉक्टरांची नोंद मागा, दोन्ही समोरासमोर ठेवा. नोंदीत आहे ते बिलावर नसेल तर लेखी दुरुस्ती मागा. नोंदीत नाही ते मात्र मागू नका.

आमचा रविवारचा कॉल अजून चालू आहे, फक्त पद्धत बदलली आहे. आई फोन तुळशी वृंदावनाच्या कट्ट्याला टेकवून ठेवतात आणि आप्पा आधी अंगणात दोन फेऱ्या मारून दाखवतात. वळताना मी पावलं मोजते. मागच्या रविवारी तीन होती. मग ते खुर्चीत बसून विचारतात, "काय सूनबाई, साखरवाडीत काय नवीन?"

तुमच्या पुढच्या कॉलला आईवडिलांना एवढंच सांगा, जरा उठून दारापर्यंत चालून दाखवा.